खलनायकाचे गाव

पोस्टाने आलेले पत्र ही गोष्ट हल्ली दुर्मिळ झाली आहे. म्हणूनच गेल्या दिवाळीनंतर देवळीच्या पोस्टमनने माझ्या हाती एक जाडसर पाकीट ठेवले, तेव्हा मी ते मोठ्या कौतुकाने उघडले. पाकीट जाड आहे, तेव्हा स्तुतीही भरपूर असणार, असा हिशेब लेखकाच्या मनाने परस्पर करून टाकला होता. पत्र माझ्या एका जुन्या कादंबरीविषयी होते. पण स्तुती पहिल्या चार ओळींतच आटोपली आणि उरलेल्या पाच पानांत त्या वाचक भगिनीने मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

त्या कादंबरीत नायिकेचे वडील तोंडाच्या कर्करोगाने जातात. पुढे नायिकेचे लग्न ठरते आणि ऐन वेळी मुलाची आई ते मोडते. “त्या घराच्या रक्तातच रोग आहे,” असे ती म्हणते. इथपर्यंत त्या भगिनीची तक्रार नव्हती. अशी माणसे जगात आहेत आणि कादंबरीकाराने ती दाखवावीत. तक्रार होती शेवटच्या प्रकरणाविषयी. तेथे मी नायिकेलाही तोच रोग दिला होता. वाचकांच्या डोळ्यांत पाणी यावे, एवढाच माझा हेतू. पाणी आलेही, तशी पत्रे त्या वेळी मला आली होती आणि मी ती जपून ठेवली आहेत. परंतु या पत्रात लिहिले होते, “त्या बाईचे बोलणे खोटे आहे हे मला ठाऊक होते. तुम्ही शेवटी ते खरे करून दाखवलेत.” पुढे तिने स्वतःची हकीकत लिहिली होती. तिचे वडील याच रोगाने गेले आणि तिचे ठरत आलेले लग्न याच वाक्यावर मोडले. “ते लोक काही तुमची कादंबरी वाचणारे नव्हते. पण तुम्ही आणि ते एकाच शाळेत शिकलेले दिसता,” असे म्हणून तिने पत्र संपवले होते.

मी पेशाने शाळामास्तर. हे वाक्य मला जेथे लागायचे तेथे लागले.

यंदा संपादकांनी कथेऐवजी टीकालेख मागितला. दुसऱ्याच्या पुस्तकाचे दोष काढण्यापूर्वी स्वतःच्या पुस्तकाची झडती घ्यावी, आणि त्या निमित्ताने कर्करोगाची गोष्ट आपण सारेच कशी सांगतो ते तपासून पाहावे, असे मी ठरवले. विज्ञानात मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला माणूस नव्हे. पण वर्षभर मिळेल ते वाचले, वर्ध्याच्या एका डॉक्टर स्नेह्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि जे उमगले ते येथे मांडतो आहे.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा निस्तरू. कर्करोग हा जनुकांचा रोग आहे, असे डॉक्टर म्हणतात, आणि ते खरे आहे. आपण ते ऐकतो आणि मनातल्या मनात त्याचा अर्थ लावतो की, तो बापाकडून लेकीकडे येतो. घसरण होते ती येथेच. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द आपण जुळ्या भावांसारखे वापरतो. वस्तुतः ते दोघे निराळे आहेत. प्रत्येक पेशीत शरीराच्या कारभाराची एक पोथी असते असे समजा. पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा अख्खी पोथी नकलून घ्यावी लागते. नकलताना चुका होतात. बहुतेक दुरुस्त होतात, काही राहून जातात. तंबाखूतली विषारी द्रव्ये या पोथीवर सतत शाई सांडत असतात, त्यामुळे चुका वाढतात. परंतु बापाच्या गालाच्या पेशीत झालेली चूक ही त्या गालापुरती असते. त्या पेशीच्या वंशाला ती मिळेल, पण त्याच्या मुलीला मिळणार नाही. कारण मुलगी काही बापाच्या गालापासून जन्मलेली नसते.

सगळ्या कर्करोगांत शंभरांपैकी सुमारे पाच ते दहा असे असतात की, ज्यांच्या मुळाशी आई-वडिलांकडून आलेला जनुकाचा बदल असतो. काही कुटुंबांत स्तनाचा आणि बीजकोशाचा कर्करोग कमी वयात, पिढीमागून पिढी दिसतो. तेथे डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पण तेथेही तो बदल धोका वाढवतो, शिक्षा फर्मावत नाही. सुपारी-तंबाखू खाणाऱ्या बापाच्या तोंडच्या रोगात मात्र लेकीला वारसा मिळालाच, तर तो बहुधा पानाच्या डब्याचा. माझ्या कादंबरीतल्या नायिकेने तर जन्मात सुपारीचे खांडही तोंडात टाकले नव्हते. तिला तोच रोग देताना मी शास्त्राची साक्ष काढली नव्हती. मुलाच्या आईची काढली होती.

बीजाची गोष्ट सचोटीने कशी सांगावी, याचा एक नमुना मराठीत आहे. तो कादंबरी नसून चित्रपट आहे, याची कादंबरीकार म्हणून मला थोडी असूया वाटते. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेला ‘श्वास’ २००४ साली आला. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठीला मिळाले ते याच चित्रपटामुळे. कोकणातला लहानगा परशुराम आणि त्याला घेऊन शहरातल्या इस्पितळात आलेले त्याचे आजोबा, एवढाच त्याचा जीव. मुलाला डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग आहे, ज्याला डॉक्टर रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल.

कर्करोगाच्या शास्त्रात या रोगाला मानाचे पान आहे. १९७१ साली अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी अशा ४८ रुग्णांचा हिशेब मांडला आणि अनुमान काढले की, पेशी बिघडायला दोन आघात लागतात. ज्या मुलांच्या दोन्ही डोळ्यांत रोग येतो, त्यांच्यात पहिला आघात जन्मापासूनच झालेला असतो. पुढे १९८६ साली ते जनुकही हाती लागले. म्हणजे बीजाचा जोर जेथे निर्विवाद आहे, असा हा रोग. पण त्यातही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अशा पुष्कळ मुलांच्या आई-वडिलांत तो बदल नसतोच. तो त्या मुलातच नव्याने घडलेला असतो. बीज बिघडले याचा अर्थ घराणे बिघडले असा होत नाही.

‘श्वास’ मला थोर वाटतो तो एवढ्यासाठी की, तो गुन्हेगार शोधीत बसत नाही. हे कोणाच्या रक्तातून आले, हा प्रश्न तेथे रंगवला जात नाही. पुढे काय करायचे, दिवे मालवण्यापूर्वी या पोराला जग कसे दाखवायचे, हा त्याचा प्रश्न आहे. याच्या उलट हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ (१९७१) पाहा. तो मलाही फार आवडतो आणि शेवटी रडवतोही. पण त्यात आतड्याचा जो कर्करोग आहे, तो रोग नसून घड्याळ आहे. इतके महिने उरले, इतके दिवस उरले, एवढे सांगण्यापुरता तो येतो. तो कोठून आला, शरीरात त्याने काय केले, याच्याशी कथेला कर्तव्य नाही. आपल्या बहुतेक कथांतला कर्करोग या घड्याळाच्या जातीचा आहे. माझ्या कादंबरीत घड्याळाला शापाचा मुलामा दिलेला होता, इतकेच.

परंतु बीजाची गोष्ट कितीही चांगली सांगितली, तरी ती अर्धीच राहते. येथून पुढे मला माझ्याच धंद्यातला शब्द वापरू द्या. आपण कर्करोगाची कादंबरी लिहितो तेव्हा सारी पाने खलनायकाला देतो. एक पेशी बिघडली, माजली, सुटली, साऱ्या शरीराचा घास घेऊन बसली! हा खलनायक घरचाच आहे, हे कळायलाही काळ जावा लागला. १९११ साली न्यूयॉर्कच्या पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचून तशीच गाठ उठवून दाखवली. त्या अर्कात एक विषाणू होता. पुढे १९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत उलगडा झाला की, त्या विषाणूतले गाठ उठवणारे जनुक हे मुळात कोंबडीच्याच पेशीतले, विषाणूने पळवलेले. चोर बाहेरचा नव्हता.

मग प्रश्न असा की, घरचेच जनुक बिघडले म्हणजे रोग झालाच का? अलीकडच्या संशोधनाने याचे उत्तर चकित करणारे दिले आहे. इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली पापणीची निरोगी कातडी आणि २०१८ साली निरोगी अन्ननलिका तपासली. पापणीच्या सुमारे चौथा हिस्सा पेशींत कर्करोगाच्या वाटेवरचे बदल सापडले. मध्यम वय गाठलेल्यांच्या अन्ननलिकेचे तर बरेचसे अस्तर असल्या बदललेल्या पेशींनी व्यापलेले निघाले. ही माणसे त्या रोगाने आजारी नव्हती. मी चाळिशी ओलांडली आहे. म्हणजे हे लिहीत असताना माझ्याही घशाखाली असले शेकडो खलनायक बसून असतील, आणि तुमच्याही. ते बसून आहेत, उठत नाहीत. का उठत नाहीत? हा प्रश्न खलनायकाला विचारून भागत नाही. तो गावाला विचारावा लागतो.

आमच्याकडे काळ्या जमिनीत कपाशी आणि तूर होते. एकाच पिशवीतले बियाणे भारी जमिनीत छातीला लागते आणि बरड रानात गुडघ्याच्या वर सरकत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तणाचे बी तर मातीत वर्षानुवर्षे पडून असते. वखरपाळी, डवरणी वेळच्या वेळी चालू असली की ते डोके वर काढीत नाही; शेत पडीक पडले की तेच मालक होते. लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली हीच उपमा कर्करोगाला लावली. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. रोग पसरताना वाटेल त्या अवयवात रुजत नाही, काही ठरावीक अवयवांतच रुजतो, असे त्यांना दिसले. बी चहूकडे उधळले जाते, पण उगवते ते मानवलेल्या जमिनीतच, हा त्यांचा निष्कर्ष.

पॅजेट यांची ही गोष्ट दीर्घकाळ अडगळीत पडली. तिला नवा पुरावा मिळाला तो राऊस यांच्याच कोंबडीत. इराणमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या मीना बिसेल यांनी १९८४ साली सहकाऱ्यासह दाखवून दिले की, जो विषाणू अंड्याबाहेरच्या पिलात गाठ उठवतो, तोच अंड्यातल्या कोवळ्या गर्भात टोचला तर गाठ उठत नाही. तेथे ते दुष्ट जनुक झोपलेले नसते. आपले काम करीत असते. तरी आसपासच्या पेशी त्याला आवरून धरतात. त्याच पेशी गर्भातून सुट्या करून काचेच्या बशीत ठेवल्या की त्या बिघडतात. पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली. विषाणू टोचलेल्या पिलाला दुसरीकडे कोठे जखम केली, तर त्या जखमेवरही गाठ उठते. म्हणजे खलनायक तोच, जनुक तेच. गावाची घडी शाबूत आहे की विस्कटली आहे, त्यावर सारा फरक.

हे सारे अमेरिकेतले आणि कोंबड्यांचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या घरातही हा विचार जुना आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कोणत्या समाजात कोणत्या जागी कर्करोग होतो, याचा संबंध ते रक्ताशी जोडून मोकळे झाले नाहीत. लोक काय खातात, काय चघळतात, काय नेसतात, हे त्यांनी पाहिले. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या कर्करोगाची नोंद केली. कमरेला धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहते, तेथली कातडी सतत दुखावते आणि भरते, आणि काही थोड्या लोकांत तेथेच रोग उठतो. बिसेल यांच्या पिलाची जखम आणि आपल्या आजोबांच्या कमरेचा करकोचा, यांत मला तरी एकच सूत्र दिसते.

आता आमच्या गावच्या जमिनीकडे येतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांना खर्रा ठाऊक नसेल. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र चोळून पन्नीत बांधलेली ही पुडी नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडे पानठेल्यावर मिळते. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, परंतु तोंडे काही रिकामी राहिलेली नाहीत. माझा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात कविता म्हणायला तो सर्वांत पुढे असे आणि तोंड एवढे उघडी की, मागच्या बाकावरची मुले हसत. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाला आला, तेव्हा चिवड्याचा घास घेऊन थांबला. “सर, तिखट लागलं का आग होते जी,” म्हणाला. मग लाडू उचलला, तर तो आख्खा तोंडात जाईना. मी त्याला तोंड उघडायला सांगितले. कशीबशी दोन बोटे मावतील एवढीच फट झाली.

या विकाराला डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या अस्तराखालचा थर ताठर होत जाणे, असे आपण म्हणू. १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत श्वार्ट्झ यांनी त्याचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला हे नाव दिले. मूळ आहे सुपारीत. सुपारीतले अरेकोलिन हे द्रव्य अस्तराखालच्या धागे विणणाऱ्या पेशींना चेतवते. त्या कोलॅजनचे धागे विणतच सुटतात. सुपारीतले तांबे त्या धाग्यांना एकमेकांत घट्ट गुंतवायला मदत करते, आणि जुने धागे उसवून टाकण्याचे शरीराचे काम मंदावते. मऊ मलमलीचे सुतळीचे गोणपाट व्हावे, तसा गाल होतो. त्याला रक्त कमी मिळते आणि वरचे अस्तर पातळ पडते. पेशीला आपण मऊ जागी बसलो आहोत की कठीण जागी, हेही कळते. कठीण जागा तिला वाढीचे इशारे देते. हे अजून कर्करोग नव्हे. ही नांगरून ठेवलेली जमीन आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातल्या एर्नाकुलम भागात असे ६६ रुग्ण १७ वर्षे नजरेखाली ठेवले. त्यांतल्या ७.६ टक्क्यांना, म्हणजे पाच जणांना, पुढे तोंडाचा कर्करोग झाला. १९८५ साली हे प्रसिद्ध झाले.

आणि बी? तेही त्याच पुडीत आहे. तंबाखूतली द्रव्ये अस्तराच्या पेशींच्या पोथीवर शाई सांडत असतातच. सुपारीही त्यात हातभार लावते. नवी मुंबईतील खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधनालय आणि बंगालमधील कल्याणीची संस्था यांनी मिळून ११० भारतीय रुग्णांच्या गालाच्या व हिरडीच्या कर्करोगाची जनुके तपासली आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत अग्रभागी होते टीपी ५३, म्हणजे पोथीत चूक दिसताच पेशीला थांबवणारे पहारेकरी जनुक. एकाच पुडीतून पहारेकऱ्याला मारणारा मारेकरी येतो आणि त्याच पुडीतून गावाची घडी विस्कटणाराही येतो. बी आणि नांगर एकत्र विकणारे असे दुकान मी दुसरे पाहिलेले नाही.

शेताची उपमा येथे थोडी अपुरी पडते, हे मला कबूल केले पाहिजे. शेतातले बी जमिनीशी बोलत नाही. कर्करोगाची पेशी बोलते. ती आसपासच्या धागे विणणाऱ्या पेशींना कामाला लावते, स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेते, गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशींना कधी चकवते, कधी फितवते. अमेरिकेचे हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ साली गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटले, ते याच अर्थाने. जखम भरताना शरीर जी धावपळ करते, तीच येथे चालू असते, फक्त ‘आता पुरे’ म्हणणारे कोणी नसते. तेव्हा हा प्रकार एकाच्या दुष्टपणाचा नव्हे, संवादाचा आहे. आणि संवाद तर आम्हा कादंबरीकारांचा व्यवसाय! तरी आम्ही त्याचे स्वगत करून ठेवले.

उलटपक्षी, जमीनच सर्वस्व आणि बी काहीच नव्हे, असे म्हणणेही खोटे ठरेल. रक्ताच्या एका जातीच्या कर्करोगात जनुकांची एकच ठरावीक मोडतोड मुळाशी असते. २००१ साली तिच्यावर नेमके बसणारे इमॅटिनिब हे औषध आले आणि पुष्कळ रुग्णांचे आयुष्यच पालटले. ते औषध बियाण्यावरचे. आणि २०१८ सालचे नोबेल ॲलिसन आणि होन्जो यांना मिळाले, ते फितवलेल्या गस्तवाल्यांना पुन्हा जागे करणाऱ्या उपचारांसाठी. तो इलाज गावावरचा. डॉक्टर मंडळी दोन्हीकडून चालून जात आहेत. लेखकांनी मात्र एकाच बाजूला तळ ठोकावा, हे बरे नव्हे.

आणखी एक धोका आहे. आसपासच्या गोष्टींवर रोग अवलंबून आहे, असे म्हटले की भाबडे लोक लगेच म्हणतात, “घरात आनंद ठेवा, गाठ विरघळेल.” मी ज्या गावाविषयी बोलतो आहे, ते पेशींचे आणि धाग्यांचे गाव आहे, काका-मामांचे नव्हे. माणूस खचला म्हणून त्याला कर्करोग झाला, असे म्हणणे हे रक्ताला दोष देण्याइतकेच निर्दय आहे. ‘श्वास’मधले आजोबा नातवाचा रोग प्रेमाने बरा करीत नाहीत, प्रेम त्याला आंधळेपणी जगायला सोबत करते. ही मर्यादा त्या चित्रपटाने पाळली, यात त्याचे शहाणपण आहे. उपमेने किती चालावे आणि कोठे थांबावे, हे ज्याला कळत नाही त्याने शास्त्रावर लिहू नये. आणि खरे सांगायचे तर कादंबरीही लिहू नये.

आता माझ्या कादंबरीचा निकाल लावतो. तिचा दोष असा की, ती जेथे पाहायला हवे होते तेथे पाहतच नाही. तीनशे पानांत पानठेला एकदाही येत नाही. वडील पहिल्या पानापासून काहीतरी चघळत असतात, ते केवळ त्यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहावे म्हणून. त्यांचे तोंड हळूहळू मिटत गेले असेल, जेवणात तिखट सोसेनासे झाले असेल, बायकोने भाजी अळणी केली असेल, ही सारी वर्षे मी वगळली. रोगाची गोष्ट खरी तेथेच घडत होती, आणि तेथेच कोणाला तरी काही करता आले असते. ती वर्षे गाळून मी थेट रक्तावर उडी मारली. रक्ताचे बरे असते. त्याला जाब विचारता येत नाही आणि ते बंदही करता येत नाही.

त्या भगिनीला मी उत्तर लिहिले. नवी आवृत्ती निघालीच, तर शेवटचे प्रकरण तिच्यात राहणार नाही, असे कळवले. तिचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते यावे असा माझा हक्कही नाही.

माझा तो विद्यार्थी मात्र गेल्या दिवाळीत पुन्हा आला होता. माझ्या पत्नीने त्याच्यापुढे रव्याचा लाडू दुधात कुस्करून ठेवला. बरोबर त्याची आठ वर्षांची मुलगी होती. ती अंगणात फुलबाज्या उडवीत होती. तिच्याकडे पाहत तो हळूच म्हणाला, “सर, माह्या पोरीले तं नाही होनार ना हे?”

मी म्हणालो, “रक्तातून नाही होणार, बाबा. तुझ्या खिशातून होईल.”

तो काही बोलला नाही. हल्ली तो दर दोन महिन्यांनी वर्ध्याला जाऊन तोंड तपासून घेतो. दिवसाच्या सहा पुड्यांवरून दोनवर आलो, असे सांगतो. सवय सुटली म्हणून ताठरलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही, हे डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले आहे. पण पुढचा धोका कमी करायचा तर पहिले पाऊल तेच, हेही सांगितले आहे. राहिलेल्या दोन पुड्यांसाठी मी त्याच्या मागे लागलो आहे.

वाचकहो, सणासुदीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल क्षमा असावी. पण सारे घर एकत्र बसते ते याच दिवसांत. फराळाची ताटे मांडाल तेव्हा घरात जो कोणी सुपारी-तंबाखू खात असेल, त्याला एकदा तोंड उघडायला सांगा. स्वतःचीच तीन बोटे उभी धरून त्याची ती आत जातात का, ते पाहा. जात नसतील, तिखट सोसत नसेल, तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर भाऊबीज उरकताच त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या बापाच्या मुलीचे स्थळ आपल्या घरी सांगून आले, तर रक्ताची गोष्ट कोणी काढू नये. ज्याने ती छापून वाढवली, त्याचीच ही विनंती आहे.